अलीशी टायसनची जोड कशी लावावी

रब्बीत शेतीची लाइन रात्री बाराला येणार असली की साडेनऊपासूनच माझ्या दुकानात माणसं जमतात. सेलूत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कुणाची मोटार वार्निश देऊन वाळत ठेवलेली असते, कुणाला हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं असतं, कुणी नुसतंच शेकोटीला येतं. मग कुणीतरी विषय काढतंच, "काय दादा, अली आणि टायसन लागले असते तर कोण पडलं असतं?"

मुहम्मद अली आणि माइक टायसन, दोघंही अमेरिकेचे हेवीवेट म्हणजे सगळ्यात वजनदार गटातले बॉक्सिंग चॅम्पियन, पण काळ वेगळे, म्हणून दोघांची लढत कधी झालीच नाही. या एका प्रश्नावरून माझ्या दुकानात बसणारे दोन साडू दोन दिवाळ्या एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही माझ्या जवळचे. तेव्हाच मी मनावर घेतलं की या वादाला काहीतरी रीत बसवायची. विषय सोडून द्या असं मी कुणाला म्हणणार नाही. जी लढत कधी झालीच नाही तिच्यावर बोलायचं तर झालेल्या लढती फार बारकाईने बघाव्या लागतात, आणि तसं बघायला लागल्यापासून मला बॉक्सिंग खऱ्या अर्थानं दिसायला लागलं.

रीत मला सापडली ती जत्रेच्या फडात. माझे मामा कुस्त्यांच्या जोडी लावायचे. दोन पोरं समोर आली की मामा त्यांचा पंजा बघत, मान बघत, कुठल्या तालमीतला, मागची कुस्ती कधी झाली, गुडघा कसा आहे, सगळं विचारत. 'दोघांत भारी कोण' हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. 'आज कसा आहेस' हा मात्र प्रत्येक पोराला असायचा. कुस्ती नारळावरची असो की शेवटची, चौकशी तीच. अली-टायसनची जोडही अशीच लावायची असते, फक्त 'आज'च्या जागी आपल्याला तारीख टाकावी लागते.

म्हणून पहिलं काम तारखेचं. नुसतं 'अली' म्हणायचं नाही. कुठल्या दिवसाचा अली? १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली २४ वर्षांचा होता आणि त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सैन्यात जायला नकार दिल्यावर १९६७ मध्ये त्याचा किताब काढून घेतला, साडेतीन वर्षं त्याला लढू दिलं नाही. १९७० मध्ये परत आला तो दुसराच माणूस होता. मार खाणं शिकलेला, अंगानं जड, डोक्यानं आणखी तल्लख. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सनं ज्याला कोपऱ्यात बसवलं तो ३८ वर्षांचा अली तिसराच. टायसनचंही तेच. २७ जून १९८८ ला मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा टायसन आणि २००२ मध्ये लेनॉक्स लुइसच्या हातून आठव्या फेरीत पडलेला टायसन यांना एकाच नावानं हाक मारली की वाद तिथंच नासतो.

ज्याला तारखेचं महत्त्व पटत नाही त्याला मी जो लुई आणि मॅक्स श्मेलिंगचं उदाहरण देतो. १९३६ मध्ये श्मेलिंगनं लुईला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. लुई जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून डावा हात खाली आणतो हे त्यानं हेरलं होतं, आणि त्या फटीतून त्याचा उजवा हात येत राहिला. २२ जून १९३८ ला तेच दोघं पुन्हा भिडले आणि श्मेलिंग १२४ सेकंदांत संपला. माणसं तीच, मध्ये दोनच वर्षं. मग पन्नास वर्षांच्या अंतरावरच्या दोघांना तारखेशिवाय कसं लढवणार?

माझ्याकडे मोटारीला बांधायची जॉबची चिठ्ठी असते, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव, एचपी, तारीख लिहिलेली असते. वाद सुरू होण्याआधी मी तसल्याच दोन चिठ्ठ्या फाडतो. एकीवर एका चॅम्पियनचं नाव आणि त्याच्या एका लढतीची तारीख, दुसरीवर दुसऱ्याची. मग चिठ्ठी बदलायची नाही. मध्येच कुणी "पण तो नंतर तर हरला ना" म्हणालं की मी चिठ्ठी दाखवतो.

दुसरं काम कायदा ठरवायचं, आणि मला वाटतं इथंच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. लढत कुठल्या काळाच्या नियमांनी होणार? १९१९ मध्ये टोलेडोला जॅक डेम्प्सीनं जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. विलर्ड साडेसहा फुटांचा, वजन १११ किलोच्या आसपास. डेम्प्सी ८५ किलोंचा. चित्रफीत बघाल तर दिसेल, की विलर्ड उठायला लागला की डेम्प्सी त्याच्या डोक्यावरच उभा असतो आणि गुडघा जमिनीवरून सुटला की पुन्हा ठोसा. तेव्हा ते चालत होतं. पुढे पाडणाऱ्यानं लांबच्या कोपऱ्यात जायचा नियम आला, आणि १९२७ मध्ये शिकागोला त्याच नियमानं डेम्प्सीला दगा दिला. सातव्या फेरीत जीन टनी पडला, डेम्प्सी सवयीनं तिथंच उभा राहिला, तो कोपऱ्यात जाईपर्यंत पंचानं दहापर्यंतची मोजणी धरली नाही. टनीला चौदा सेकंदांच्या आसपास मिळाले, तो उठला आणि लढत जिंकला. तेव्हा आजच्या नियमांनी डेम्प्सीला कुणाशी लावणार असाल तर त्याचं अर्धं हत्यार तुम्ही काढून घेतलंय हे आधी बोलून टाका.

फेऱ्यांचं तर त्याहून मोठं आहे. पूर्वी किताबाची लढत पंधरा फेऱ्यांची असायची. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा लाइटवेट बॉक्सर किम दुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि चार दिवसांनी वारला, त्यानंतर एकेका संघटनेनं बारा फेऱ्या केल्या. आता हे धरून मागं बघा. सप्टेंबर १९५२ मध्ये रॉकी मार्सियानो ज्या लढतीत चॅम्पियन झाला, त्यात बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर जर्सी जो वॉल्कॉट पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा हात बसला आणि वॉल्कॉट दोरीला लटकला. १९४१ मध्ये बिली कॉननं जो लुईला बारा फेऱ्या असंच मागं ठेवलं होतं, दोन पंचांकडे कॉन पुढे आणि तिसऱ्याकडे बरोबरी. तोही तेराव्यातच पडला. आजचा कायदा असता तर मार्सियानोच्या एकही हार नसलेल्या ४९ विजयांना तिथंच डाग लागला असता आणि लुईचा किताब कॉनच्या घरी गेला असता. म्हणून "बारा की पंधरा?" हे मी पहिल्या चहाच्या आतच ठरवून घेतो. लुई, मार्सियानो, फ्रेझर असली माणसं असतील तर माझा आग्रह पंधराचा असतो, कारण त्यांनी आपला दम पंधरा फेऱ्यांच्या हिशेबानं बांधला होता. दुसऱ्या बाजूला कुणी आजचा असेल तर त्यालाही तयारीला वेळ दिलाय असं धरायचं. ग्लोव्ह्जचंही बोलून घ्या. आज हेवीवेटला दहा औंसांचे असतात, डेम्प्सीच्या काळात त्याच्या निम्म्याच्या आसपास होते.

वजनाबद्दल बोलताना किलोतच बोला, पौंड आले की आमच्याकडे निम्मे लोक गप्प बसतात. पौंडाला ०.४५ नं गुणा. मार्सियानो लढायचा ८४ किलोंच्या आसपास. आज ९०.७ किलोंपर्यंतच्या बॉक्सरला हेवीवेटमध्ये धरतच नाहीत, त्याचा क्रूझरवेट हा वेगळा गट आहे. हातांची पोच मोजतात ती दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत, म्हणजे आपण बोअरची दोरी वावानं मोजतो तसाच तो वाव. अलीचा वाव ७८ इंच, टायसनचा ७१, सनी लिस्टन आणि लेनॉक्स लुइसचा ८४, टायसन फ्युरीचा (हा वेगळा टायसन) ८५.

हे आकडे हातात आले की माणूस लगेच मोठ्याच्या बाजूनं झुकतो. थांबा. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये सहा फूट तीन इंचांच्या ओलेक्सांद्र उसिकनं सहा फूट नऊ इंचांच्या फ्युरीला हरवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. उसिक क्रूझरवेटमधून वर आलेला. वजन खरं उपयोगी पडतं ते मिठी मारून अंगावर रेलताना. व्लादिमिर क्लिच्कोनं हेच करून कितीतरी जणांचे पाय पाचव्या-सहाव्या फेरीतच जड केले. तेव्हा 'हा मोठा आहे' एवढं म्हणून सोडू नका, 'हा मोठेपणा वापरतो कसा' हे सांगायला लावा.

आता शैली. यावर मी रात्रभर बोलू शकतो.

आमच्याकडे एक हिशेब सगळेच करतात. अमक्यानं तमक्याला पाडलं, तमक्यानं फलाण्याला, म्हणजे अमका फलाण्याला पाडणारच. तालमीतही हेच चालतं. आमच्या लातूरकडच्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांना आजच्या महाराष्ट्र केसरीशी लावून बघणारे असाच जिना चढतात. पण सत्तरच्या दशकानं हा जिना कायमचा मोडून ठेवलाय. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझरनं अलीला पंधरा फेऱ्यांत हरवलं. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमननं त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. मग फोरमननं अलीला चिरडायला हवं होतं. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीनं फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं. केन नॉर्टननं तर हे आणखी पक्कं केलं. त्यानं अलीचा जबडा मोडला, तीन लढतींत मिळून ३९ फेऱ्या अलीला घाम फोडला, आणि फोरमनपुढे तो दोनच फेऱ्या टिकला.

असं का, हे ज्याला सांगता येतं त्याच्याशीच वाद घालण्यात मजा आहे. फ्रेझर वाकून, डोकं हलवत आत घुसायचा आणि खालून डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं फिरवलेला ठोसा, फेकायचा. अलीला वाकून अंगाला मारायची सवय नव्हती, तो ठोसा चुकवायला मान मागं घ्यायचा, म्हणून फ्रेझर त्याच्या छातीशी पोचायचा. फोरमनचं उलटं. त्याच्यासाठी वाकून आत येणारं डोकं म्हणजे खालून येणाऱ्या अपरकटच्या वाटेवर आणून ठेवलेलं डोकं. शिवाय तो दोन्ही हातांनी फ्रेझरला ढकलून हवं तेवढं अंतर परत मिळवायचा. आणि अली? तो वाकत नव्हता, आणि फोरमनच्या मानेवर हात ठेवून दाबून धरायचा. दोरीला टेकून त्यानं त्याला हवेत आणि दंडांवर मारू दिलं. सातव्या-आठव्या फेरीपर्यंत फोरमनचे हात लोंबायला लागले होते.

मोटार टेबलावर लावली की सगळ्याच छान फिरतात. पाच एचपीची मोटार तीनशे फुटांवर उतरवून पाण्याचा भार आला, की मग तिचं खरं कळतं. बॉक्सरचा भार म्हणजे समोरचा माणूस. म्हणून जोड लावताना प्रत्येकाबद्दल एकच विचारायचं. याला ज्यानं ज्यानं त्रास दिला, तो कशानं दिला, आणि ते समोरच्याकडे आहे का?

याचं उत्तर चित्रफितींत असतं, आणि तिथंही बघायची पद्धत आहे. दोन मिनिटांच्या नॉकआउटच्या तुकड्यांवर मत बनवू नका. आमच्याकडची पोरं मोबाईलवर टायसनचे तेवढेच तुकडे बघतात आणि म्हणतात, याच्यापुढे कोण उभं राहील! मी त्यांना १९८७ च्या दोन पूर्ण लढती बघायला लावतो, एक जेम्स स्मिथशी आणि एक टोनी टकरशी. दोन्ही बारा फेऱ्या चालल्या. टायसन दोन्ही जिंकला, पण धरून ठेवणारा उंच माणूस त्याला किती अडवतो हे तिथं दिसतं. मग फेब्रुवारी १९९० ची टोकियोतली बस्टर डग्लसची लढत लावा, म्हणजे आधी दिसलेली खूण पुढे कशी मोठी झाली ते कळेल. डग्लस आठव्या फेरीत पडला होता, तरी उठला आणि दहाव्यात त्यानं टायसनला झोपवलं. खूप जुन्या मूक चित्रफिती असतील, जॅक जॉन्सनच्या, डेम्प्सीच्या, तर त्यांचा वेग कमी करून बघा. त्या कमी वेगानं चित्रित झालेल्या असतात आणि आज लावल्यावर माणसं बाहुल्यांसारखी उड्या मारताना दिसतात. वेग उतरवला की जॉन्सन समोरच्याचा दंड हवेतच कसा पकडतो ते दिसतं, आणि 'जुन्यांना लढताच येत नव्हतं' हे बोलणं आपोआप बंद होतं.

इथं मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येत. ते मार्सियानोच्या बाजूचे. एका रात्री मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, "गुरुजी, तुमचा मार्सियानो म्हाताऱ्यांना हाणून चॅम्पियन झाला." आकडे माझ्या बाजूनं होते. लुई त्याच्याशी लढला तेव्हा ३७ वर्षांचा होता, वॉल्कॉट ३८ चा. गुरुजी काही बोलले नाहीत, चहा ठेवून उठले. त्यानंतर मी वॉल्कॉटची लढत पहिल्यांदाच पूर्ण पाहिली. पहिल्याच फेरीत मार्सियानो पडतो, उठतो, पुढे डोळ्यांत काहीतरी जाऊन त्याला नीट दिसेनासं होतं, तरी तो तेराव्या फेरीपर्यंत पुढे पुढेच जात राहतो. आणि तो ३८ वर्षांचा वॉल्कॉट त्या रात्री कुणालाही जड गेला असता. मी गुरुजींच्या घरी जाऊन माफी मागितली. विरोधकांची वयं बघायचीच, पण त्या रात्री ते कसे लढले हेही बघायचं, हे मी तिथं शिकलो.

हे सगळं यंत्राकडून करून घ्यायचा प्रयत्नही झालाय. अमेरिकेत मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्यानं १९६७ मध्ये संगणकात माहिती भरून सगळ्या काळातल्या चॅम्पियनांची स्पर्धा लावली. त्यात अली जेम्स जेफ्रीजकडून हरला आणि चिडून त्यानं दहा लाख डॉलरचा दावा लावला. मग १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना खरोखर रिंगमध्ये उतरवून फेऱ्यांचं चित्रीकरण केलं, शेवट वेगवेगळे घेतले. मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, डोक्याला केसांचा टोप चढवला. ते पडद्यावर येण्याआधीच, ३१ ऑगस्ट १९६९ ला, तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लोकांनी पाहिलं, मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. ज्याला उत्तर यंत्रानं द्यावं असं वाटतं त्याला मी एवढंच सांगतो, की यंत्रात काय भरलं हे आधी बघ.

वाद घालताना माझ्या दुकानात दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. एक, 'सहज हाणला असता' हे चालत नाही. कितव्या फेरीत, कुठल्या ठोशानं, आणि त्याआधी काय घडून तो ठोसा उघडा पडला, ते सांगायचं. दोन, अर्धा तास झाला की चिठ्ठ्यांची अदलाबदल. जो अलीकडून बोलत होता त्यानं टायसनकडून बोलायचं. त्या दोन साडूंना मी हेच करायला लावलं. थोरला अलीभक्त. टायसनची बाजू मांडताना त्यानं स्वतःच शोधून काढलं, की १९६३ मध्ये हेन्री कूपरनं अलीला डाव्या हूकनं पाडलं होतं आणि १९७१ च्या पंधराव्या फेरीत फ्रेझरनंही डाव्या हूकनंच. "दादा, टायसनचा डावा हूक तर दोघांपेक्षा लवकर येतो की," तो म्हणाला. धाकटा म्हणाला, "पण तुझा अली १९६६ चा आहे, त्याला गाठायचं कसं ते सांग." दोन वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलत होते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, १९६६ चा अली, १९८८ चा टायसन, पंधरा फेऱ्या. अली ९६ किलो, टायसन ९९, म्हणजे पाच इंचांनी बुटका असून टायसनच वजनदार. पहिल्या चार फेऱ्या मी श्वास रोखून बघेन. अली मान मागं घेणार आणि टायसन एका ठोशावर थांबत नाही, बरगडीत उजवा आणि लगेच त्याच हाताचा अपरकट. अली एकदा तरी खाली बसेल असं मला वाटतं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत. पण तो पडून उठणारा माणूस आहे. पाचव्यापासून जॅब, बाजूला सरकणं, जवळ आला की मानेवर हात. टायसनची घाई वाढेल. अकराव्यात पंच थांबवतील. दुकानातले निम्मे लोक हे ऐकून उठतात आणि मला चुकीचं ठरवायला लागतात, आणि मी दोन फेऱ्यांपुरता मागं सरकलोही आहे. आधी मी नववी फेरी म्हणायचो.

येत्या शनिवारच्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात. जो लुई, २२ जून १९३८. उसिक, १८ मे २०२४. पंधरा फेऱ्या, आठ औंसांचे ग्लोव्ह्ज, लांबच्या कोपऱ्याचा नियम लागू. लुई माझा सगळ्यात आवडता, म्हणून मला उसिकची चिठ्ठी दिलीय. डावखुऱ्या उसिकचा पुढचा पाय लुईच्या जॅबच्या कुठल्या बाजूला पडेल, ते मी तीन रात्री बघतोय.